पालकाची सही

हेडक्लार्कांच्या मुलीला हवी होती फक्त एक सही. तीसुद्धा अर्जाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, 'पालकाची सही' असं छापलेल्या रेघेवर मावेल एवढीच. हेडक्लार्क ऑफिसात दिवसाकाठी शंभर-सव्वाशे सह्या करत. त्यातल्या निम्म्या न वाचता करत आणि उरलेल्या निम्म्या वाचून, पण अर्थ न लावता करत. तेव्हा त्या रविवारी सकाळी मुलीने चहाच्या कपाशेजारी अर्ज ठेवून "बाबा, इथे एक सही करा ना" म्हटल्यावर त्यांनी खिशातलं पेन काढून ती करून टाकली असती, तर पुढचं सगळं टळलं असतं आणि मलाही हे सांगत बसावं लागलं नसतं.

पण हेडक्लार्कांनी चष्मा वर सरकवला, अर्ज दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, "ठेव तिथे. वाचून करतो."

या वाक्याचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता. न्हाणीघरातला नळ बदलण्याचा प्लंबरचा कागद 'वाचून करतो' म्हणून फ्रिजवर गेला, तो दोन वर्षं तिथेच होता, आणि नळ गळत होता. फ्रिजवर असे बरेच कागद होते. बायको अधूनमधून ते सगळे उचलून खालची धूळ पुसायची आणि पुन्हा त्याच क्रमाने ठेवायची, कारण क्रम बदलला की हेडक्लार्कांना लगेच कळायचं.

अर्ज मॅरेथॉनचा होता. बेचाळीस किलोमीटर, दीड महिन्यावर आलेली. अर्जाची मुदत पंधरा दिवस, आणि एकवीस वर्षांखालच्यांना पालकाची सही सक्तीची. मुलीला नुकतीच वीस पूर्ण झाली होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तीन वर्षं कॉलेजकडून पाच हजार आणि दहा हजार मीटर धावत होती. या तीन वर्षांत ती अकरा वेळा चौथी आली होती. चौथ्या नंबराला पदक नसतं. टाळ्या मिळतात, पण टाळ्या वाजवणारे तेव्हा तिसरीकडे बघत असतात. परीक्षा झाली की तिला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी लागायची होती, आणि सकाळी सहाला जिथे हजर व्हायचं तिथून पुढे कोण कधी धावणार, असा तिचा हिशेब होता. म्हणजे यंदा, नाहीतर नाही.

हेडक्लार्कांनी विचारलं, तुमचे सर काय म्हणतात?

"सर नाही म्हणालेत," मुलगी म्हणाली. "पण सर दर वर्षी नाही म्हणतात."

"म्हणजे?"

"मागच्या वर्षीही नाही म्हणाले होते. दोघी धावल्या."

"परवानगी नसताना?"

"हो. आणि सर पंचविसाव्या किलोमीटरला पाणी घेऊन उभे होते."

हे काही हेडक्लार्कांच्या डोक्यात शिरेना. नाही म्हटल्यावर माणूस पाणी घेऊन उभा कसा राहतो? मग ते नाही कसलं? संस्था नोंदणी कार्यालयात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. शहरातल्या शाळा, क्लब, वाचनालयं, कॉलेजं यांच्या नोंदण्या दर पाच वर्षांनी त्याच कार्यालयात नव्या होत, आणि तिथे 'नाही'चा अर्थ नाही असाच व्हायचा. 'हो'चा अर्थसुद्धा पुष्कळदा नाही असाच व्हायचा. त्यांनी तिला पुन्हा पुन्हा विचारलं की सरांचं नक्की म्हणणं काय, हो की नाही. ती म्हणाली, नाहीच, पण तसं नाही. मग दोघंही कंटाळले आणि ती अंघोळीला गेली.

खरं सांगायचं तर अडचण सरांची नव्हतीच. मागच्या थंडीत हेडक्लार्क पहिल्यांदाच आणि शेवटचं तिची शर्यत बघायला गेले होते. दहा हजार मीटर संपल्यावर ती रेषेच्या पलीकडे गवतात पडली. ओठ पांढरे पडले होते. हेडक्लार्क धावत गेले, तर तिने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि ओळखलं नाही. अर्धं मिनिट. मग उठून बसली, पाणी प्यायली आणि विचारलं, "चौथीच ना?" त्या अर्ध्या मिनिटात हेडक्लार्क आयुष्यात कधी घाबरले नव्हते इतके घाबरले. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. दहाला अर्धं मिनिट, तर बेचाळीसला किती, असं त्रैराशिक ते तेव्हापासून मनात मांडत होते.

म्हणून हो म्हणवत नव्हतं. आणि नाही म्हणायचं, तर मुलीच्या तोंडाकडे बघून म्हणायला लागलं असतं, ते तर त्याहून कठीण. मुलगी लहानपणापासून काही मागत नसे. बुटांचे तळवे झिजून मोजे दिसायला लागले तरी सांगत नसे.

त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर वर्तमानपत्र न्यायला आले आणि अर्ज बघून खुर्चीतच बसले. त्यांचं मत असं पडलं की बायकांच्या गुडघ्यांना मॅरेथॉन अजिबात चालत नाही. गुडघे गेले की चालण्याची ढब बदलते, ढब बदलली की जबडा एका बाजूला ओढला जातो, आणि जबडा ओढला की दाढा जातात. अशा दाढा आपण पाहिल्या आहेत, असं त्यांनी सांगितलं. धावणाऱ्यांच्या का, हे त्यांनी सांगितलं नाही. पहिली मॅरेथॉन धावणारा माणूस निरोप सांगून तिथल्या तिथे गतप्राण झाला, हेही ते जाता जाता बोलले. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्याचा निरोप तरी पोचला." डॉक्टर वर्तमानपत्र घेऊन गेले. ते त्यांनी परत आणून दिलं नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत हेडक्लार्कांनी डबा बाजूला सारला आणि कॉलेजला पत्र लिहायला घेतलं. इथे त्यांच्या सचोटीबद्दल बोललं पाहिजे. कागद घरचा होता. पेन स्वतःचं होतं. वेळ सुट्टीची होती. त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं की माझ्या मुलीने धावावं की नाही. पण हात टेबलावर टेकला आणि सत्तावीस वर्षांची सवय बोटांत उतरली. पत्र असं झालं: 'विषय: महाविद्यालयीन लांब पल्ल्याच्या धावपटूंनी मॅरेथॉन स्पर्धेत सहभागी व्हावे किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन मिळण्याविषयी. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर बाबतीत आपल्या संस्थेचे निश्चित धोरण काय आहे, याचा खुलासा तातडीने व्हावा.' मुलीचा उल्लेख राहून गेला, कारण पत्रात घरचं माणूस आणणं हेडक्लार्कांना बरं दिसेना. खाली नेहमीची सही केली. पत्र सुंदर झालं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं, संध्याकाळी जाता जाता पेटीत टाकू म्हणून टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवलं आणि साहेबांनी बोलावलं म्हणून आत गेले.

आता त्या कार्यालयातल्या जावक क्लार्कविषयी. या गृहस्थाने अकरा वर्षांत स्वतःहून काहीही केलं नव्हतं. ट्रेमधली पत्रं चार-चार दिवस त्याच्याकडे केविलवाण्या नजरेने बघत पडलेली असत. त्या सोमवारी मात्र त्याच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. त्याने 'तातडीने' हा शब्द वाचला, पत्र उचललं, त्याला जावक क्रमांक सातशे चौतीस दिला, कार्यालयाचा गोल शिक्का मारला आणि शिपायाच्या हाती थेट कॉलेजात पोचवलं. हेडक्लार्क बाहेर आले तेव्हा ट्रे रिकामा होता आणि जावक क्लार्क शाबासकीच्या अपेक्षेने उभा होता.

हेडक्लार्कांनी जावक वही उघडून क्रमांक पाहिला. पत्र मागे घेता येईल का, याचा त्यांनी विचार केला. पत्र मागे घ्यायचं तर मागे घेण्याचं पत्र लिहायला हवं, त्याला जावक क्रमांक हवा, आणि साहेबांनी कारण विचारलं तर खासगी पत्रावर सरकारी शिक्का कसा, हे सांगायला हवं. निवृत्तीला बारा महिने उरले होते. सेवापुस्तकात एकही तांबडी रेघ नव्हती. कॉलेजवाले पत्र फायलीत लावतील आणि विसरतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. त्यांच्या अनुभवात सगळेच तसं करत आले होते.

पण कॉलेजची नोंदणी दोन महिन्यांनी संपत होती. प्राचार्य रजेवर होते आणि कारभार उपप्राचार्यबाईंकडे होता. नोंदणी कार्यालयाचा शिक्का बघून बाईंचं धाबं दणाणलं. धावपटूंबाबत निश्चित धोरण? कॉलेजकडे कँटीनच्या खुर्च्यांबाबतसुद्धा निश्चित धोरण नव्हतं. बाईंनी त्याच दिवशी समिती नेमली आणि समितीचा अहवाल येईपर्यंत लांब पल्ल्याचा सगळा सराव बंद ठेवण्याची सूचना फळ्यावर लावली. उगाच जबाबदारी नको.

गुरुवारी मुलगी घरी आली ती बूट हातात घेऊन. नऊ जणांना मैदानावरून घरी पाठवलं होतं. तीन आठवड्यांवर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती आणि आता पाय ठेवायलाही मैदान नव्हतं.

"कुणा सरकारी माणसाने पत्र पाठवलंय म्हणे," ती म्हणाली.

"कोण मेला रिकामटेकडा!" बायको म्हणाली. "त्याला घरी पोरंबाळं नाहीत का?"

हेडक्लार्क भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. मीठ बरोबर होतं.

जेवण झाल्यावर मुलीने पुन्हा सहीची आठवण केली. हेडक्लार्क म्हणाले, आता प्रकरण विचाराधीन आहे, अशा वेळी सही करणं योग्य दिसणार नाही. तिने विचारलं, कुणाला दिसणार नाही? हेडक्लार्क तांब्या भरायला उठले.

सराव बंद म्हणून मुलगी इमारतीच्या जिन्यावर धावायला लागली. चार मजले वर, चार मजले खाली, सकाळी साडेपाच ते साडेसहा. पहिल्या दिवशी सगळ्यांना कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या आजी भूकंप झाला म्हणून गाउनवरच रस्त्यावर गेल्या. तिसऱ्या दिवशी दातांचे डॉक्टर दवाखान्यात न्यायला दातांच्या साच्यांचा खोका घेऊन उतरत होते आणि मुलगी वर येत होती. खोका हातातून सुटला. साचे पांढरे, जिना पांढरा, आणि सात माणसांचे जबडे दुसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत पसरले. हेडक्लार्क झोपेतल्या लेंग्यावरच गुडघ्यांवर बसले आणि ते गोळा करू लागले. वरचा कोणाचा, खालचा कोणाचा, हे डॉक्टरांनाही नीट सांगता येईना. एका बाईंच्या वरच्या दातांचा अर्धा साचा चपलांच्या कपाटाखाली सापडला, तो हेडक्लार्कांनी रुमालात गुंडाळून स्वतः दवाखान्यात नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी इमारतीच्या सेक्रेटरीचं पत्र आलं: 'जिन्याचा वापर कोणत्या प्रयोजनासाठी करण्यात येत आहे, याचा खुलासा व्हावा.' खुलासा मागणारी पत्रं वाचताना माणसाला काय वाटतं, हे हेडक्लार्कांना त्या दिवशी कळलं. त्यांनी ते पत्र फ्रिजवर ठेवलं. मुलीचं जिन्यावरचं धावणं बंद झालं.

त्याच सोमवारी कॉलेजचं उत्तर कार्यालयात आलं. अत्यंत नम्र पत्र होतं. आपल्या सूचनेनुसार समिती नेमली आहे, तरी आपल्या कार्यालयाचा एक प्रतिनिधी समितीवर द्यावा, बैठक शुक्रवारी. साहेबांनी पत्र न वाचता कोपऱ्यात लिहिलं, 'हेडक्लार्क यांनी उपस्थित राहावे.' हेडक्लार्कांनी पोटात दुखत असल्याचं सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, कॉलेजात चहा चांगला देतात, बरं वाटेल.

शुक्रवारी खालच्या वर्गांची परीक्षा चालू असल्यामुळे बैठक पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत भरली. बसायला उंच स्टुलं होती. सरकारी प्रतिनिधीचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते, आणि लोंबत्या पायांनी अधिकार दाखवणं फार अवघड असतं. समोर उपप्राचार्यबाई, त्यांच्यापुढे इतिवृत्ताची वही आणि वहीवर जावक क्रमांक सातशे चौतीस. एका बाजूला कॉलेजचे डॉक्टर. ते आठवड्यातून दोनदा येत आणि बहुतेक गैरहजेरीचे दाखले देत. दुसऱ्या बाजूला क्रीडाशिक्षक, बुटके, रापलेले, गळ्यात शिट्टी. त्यांनी हेडक्लार्कांना याआधी कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी दोन्ही बाजूंनी मत दिलं. हाडं पुरती भरलेली नसतात हेही खरं, आणि हे वय सोसण्याचं असतं हेही खरं. कोणतं जास्त खरं, असं बाईंनी विचारल्यावर ते माणसागणिक बदलतं, असं म्हणून ते चहाकडे वळले.

मग क्रीडाशिक्षक बोलले. ते म्हणाले, या वयात पायांत वेग भरायचा असतो. बेचाळीस किलोमीटर धावलं की तीन महिने पाय कामातून जातात, त्यात सगळा मोसम बुडतो. दहांतला एखादाच त्या अंतराचा असतो, आणि तो कोणता हे त्यालाही ठाऊक नसतं. म्हणून मी सगळ्यांना नाही म्हणतो.

"म्हणजे आपलं मत प्रतिकूल आहे," बाई म्हणाल्या. "तसं लिहिते."

"लिहू नका," क्रीडाशिक्षक म्हणाले.

"पण प्रतिकूल आहे ना?"

"आहे. पण लिहू नका."

बाईंनी हताशपणे सरकारी प्रतिनिधीकडे पाहिलं. सरकारी प्रतिनिधी स्टुलाखालच्या जमिनीकडे बघत होते. बाई म्हणाल्या, आता खेळाडूंच्या प्रतिनिधीचं ऐकून घेऊ, आणि दार उघडून त्यांनी हाक मारली.

मुलगी आत आली.

हेडक्लार्कांना हे सुचायला हवं होतं. नऊ धावपटू, त्यात शेवटच्या वर्षाची ही एकटी. दुसरं कोण येणार? पण त्यांनी आठवडाभर फक्त स्वतःचाच विचार केला होता. ती दारातच थांबली.

"बाबा?"

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. बाईंनी सवयीने वहीत लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने उच्चारलं, "प्रतिनिधी व साक्षीदार यांचे नाते असल्याचे निदर्शनास आले." मग त्यांनी मुलीला बोलायला सांगितलं.

मुलगी बोलली ती बाईंकडे बघून. म्हणाली, मी अकरा वेळा चौथी आले. ज्या तिघी पुढे असतात त्या शेवटच्या फेरीत संपलेल्या असतात, आणि मला तेव्हा नुकतं कुठे बरं वाटायला लागलेलं असतं. सर मला नाही म्हणाले, आणि सर कदाचित बरोबरही असतील. मला बेचाळीस जमणार नाही असंही होईल. "पण ते मला कळायला पाहिजे, मॅडम. माझ्याबद्दल आहे ना ते."

बोलता बोलता तिची नजर वहीवरच्या पत्रावर गेली. पत्र हाताने लिहिलेलं होतं. पहिलीपासून दहावीपर्यंत तिच्या प्रत्येक वहीच्या कव्हरवर त्याच अक्षरात नाव, इयत्ता आणि तुकडी लिहिलेली होती. ती तारखेपासून सहीपर्यंत सगळं पत्र वाचत होती हे हेडक्लार्कांना स्टुलावरून दिसत होतं. मग तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना गवतातलं ते अर्धं मिनिट आठवलं. तेव्हा तिने ओळखलं नव्हतं. आत्ता ओळखलं होतं.

"माझं झालं," ती म्हणाली आणि गेली.

दार लागल्यावर बाईंनी चष्मा काढला. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "राग मानू नका, पण हे पत्र नक्की कार्यालयाचं आहे, की घरचं?"

खरं म्हणजे हीच ती वेळ होती. 'घरचं' एवढं म्हटलं असतं की समिती तिथेच विरघळली असती, सोमवारी मैदान उघडलं असतं, आणि अर्जाची मुदतही सोमवारपर्यंत होती. सगळे हसले असते, हेडक्लार्कांनाच जास्त. मग कॉलेजचं एक पत्र साहेबांकडे गेलं असतं आणि सेवापुस्तकात, बारा महिने उरले असताना, एक तांबडी रेघ आली असती. बहुधा एकच.

"कार्यालयाचं," हेडक्लार्क म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाही नीट ऐकू आला नाही.

"मग तुम्ही निःपक्षपाती राहणार," बाई म्हणाल्या, आणि त्यांना फार हायसं वाटल्याचं दिसलं. अहवाल त्यांनी आधीच लिहून आणला होता. कॉलेजच्या कोणत्याही विद्यार्थ्याने मॅरेथॉन धावू नये; धावल्यास परीक्षेचं प्रवेशपत्र मिळणार नाही. खाली चार रेघा होत्या. डॉक्टरांनी सही केली. बाईंनी केली. क्रीडाशिक्षकांनी पेन घेतलं, बराच वेळ धरलं आणि खाली ठेवलं. त्यांच्या रेघेवर बाईंनी 'गैरहजर' लिहिलं. चौथी रेघ हेडक्लार्कांची होती. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि पूर्ण सही केली, खाली तारीख घातली. सही अतिशय वळणदार आली.

बाहेर व्हरांड्यात क्रीडाशिक्षक शिट्टीच्या दोरीशी चाळा करत उभे होते. हेडक्लार्कांना वाटलं की हा माणूस आता ओरडणार, आणि ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"मी तोंडी नाही म्हणतो," ते म्हणाले. "ज्याला आतून धावायचंच असतं तो माझं ऐकत नाही, आणि जो ऐकतो त्याने धावायचं नसतंच. एवढीच माझी परीक्षा असते. तुमची पोर ऐकणारी नव्हती. मी तिच्यासाठी पाण्याची जागा ठरवून ठेवली होती."

"मला माहीत नव्हतं," हेडक्लार्क म्हणाले.

"तुम्ही ते कागदावर आणलंत. आता कागदाचं कोण ऐकणार नाही?"

रात्री सगळे जेवायला बसले. मुलीने आईला पत्राचं सांगितलं नव्हतं, हे हेडक्लार्कांना ताट समोर आल्यावर कळलं. भाजीत मीठ बरोबर होतं आणि बायको नेहमीसारखी होती. मुलीने आपल्याला वाचवलं, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की ते अर्ध्या ताटावरून उठले. शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी खुलासा केला असता. अर्ज फ्रिजवर प्लंबरच्या कागदावर पडून होता. सोमवारी मुदत संपली.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ती नववी आली. आता चौथीसुद्धा नाही. घरी येऊन तिने बूट धुतले, वाळवले, मूळच्या खोक्यात घातले आणि खोका कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला.

मॅरेथॉनच्या दिवशी सकाळी हेडक्लार्क लवकर उठले. मुलगी पुस्तक घेऊन बसली होती आणि तिच्या खोलीची खिडकी बंद होती. त्यांनी दोन बाटल्या पाणी आणि कागदी पेले पिशवीत घातले आणि कुठे जातो ते न सांगता बाहेर पडले. पंचविसावा किलोमीटर पेट्रोलपंपापाशी होता. क्रीडाशिक्षक तिथे आधीच उभे होते, हातात पाणी, गळ्यात शिट्टी. त्यांच्या कॉलेजचं कोणीही धावत नव्हतं. दोघांनी एकमेकांना पाहिलं, आणि हेडक्लार्कांनी पिशवीतून पेले काढले. अनोळखी माणसं धापा टाकत येत होती, हात पुढे करत होती आणि पाणी घेऊन जात होती. एका पन्नाशीच्या बाईंनी अर्धा पेला डोक्यावर ओतून "थँक्यू, काका" म्हटलं. हेडक्लार्कांना तिथेच रडू आलं. क्रीडाशिक्षकांनी दुसरीकडे तोंड फिरवलं आणि उगाचच एकदा शिट्टी वाजवली. त्यामुळे तीन धावणारे थांबले आणि त्यांना पुन्हा जायला सांगावं लागलं.

हेडक्लार्क यथाकाल निवृत्त झाले. सेवापुस्तक कोरं राहिलं. साहेबांनी निरोपाच्या भाषणात त्याचा खास उल्लेख केला, आणि जावक क्लार्कने हार घातला.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्याच आठवड्यात ते मॅरेथॉनच्या कचेरीत गेले, रांगेत उभे राहिले आणि अर्ज घेऊन आले. जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी तो अक्षर काढून भरला. मुलीचं नाव, वय, पत्ता. शेवटी डाव्या कोपऱ्यातल्या रेघेवर पूर्ण सही केली आणि तारीख घातली. एक शब्दही वाचला नाही. संध्याकाळी मुलगी लॅबमधून आली, तेव्हा त्यांनी तो तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.

तिने अर्ज उचलला. बोटांना स्पिरिटचा वास येत होता. पुढून पाहिला, उलटा करून पाहिला. सहीवर तिची नजर जरा वेळ थांबली.

"मला एकवीस पूर्ण झाली, बाबा," ती म्हणाली. "आता पालकाची सही लागत नाही."

"असू दे," हेडक्लार्क म्हणाले. "असली तर बिघडतं का? तू धाव. मी पाणी घेऊन उभा राहीन."

ती हसली. राग नव्हता त्यात. राग असता तर त्यांना कुठेतरी धरता आलं असतं. चहा संपवून ती उठली, कप विसळला आणि अर्ज फ्रिजवरच्या कागदांवर ठेवला, कडा नीट जुळवून.

"राहू दे तिथे," ती म्हणाली. "वाचून बघते."

या वाक्याचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता.